बेबीचा प्रश्न आणि डॅलसचे मास्तर

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, गोळ्या घेऊन दिवा मालवायच्या बेतात होते, तेवढ्यात बेबीचा फोन आला. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला नातवंडं झाली तरी आमच्या घरात ती बेबीच. १९८६ पासून न्यू जर्सीत आहे. तिकडे तेव्हा दुपारचे बारा.

"ताई, सप्टेंबरात मला पासष्ट पूर्ण होतायत. मेडिकेअरचं ठरवायचंय. कुठलं घे ते मुलगा सांगतोय, एजंट तर रोज सांगतोय. तू मला फक्त हे सगळं असं कसं झालं ते सांग. तू इतिहास शिकवलायस ना?"

आता मी शिकवला तो शिवकालापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा इतिहास, तोही मराठी माध्यमाच्या शाळेत. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या आरोग्य विम्याचा धडा आमच्या पुस्तकात नव्हता. पण बेबी उगाच विचारत नव्हती. तिच्या घरात जे घडलं ते मला माहीत होतं.

आमच्या मेहुण्यांना २०२१ साली पासष्ट झाली. अमेरिकेत पासष्टीला सरकारी मेडिकेअर मिळते आणि त्या वेळी माणसाला दोन वाटांतून एक निवडावी लागते. पहिली वाट मूळ मेडिकेअरची. तिच्यात सरकार थेट डॉक्टरांना आणि इस्पितळांना पैसे देतं, आणि मेडिकेअर घेणाऱ्या देशभरातल्या कुठल्याही डॉक्टरकडे जाता येतं. दुसरी वाट मेडिकेअर अॅडव्हांटेजची. तिच्यात सरकार आपल्या नावचे पैसे दरमहा एका खाजगी कंपनीला देतं आणि आपल्याला लागेल ती सेवा ती कंपनी पाहते. मेहुण्यांनी दुसरी वाट घेतली. जादा हप्ता शून्य, वर दात, चष्मा आणि व्यायामशाळा फुकट. कोण सोडेल? तीन वर्षं सगळं छान चाललं. दातांचं कामही झालं.

२०२४ च्या सप्टेंबरात जिन्यावरून उतरताना ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्यात कंपनीने काही खळखळ केली नाही. मग चालायला शिकवणाऱ्या एका केंद्रात त्यांना हलवलं. तेराव्या दिवशी हातात कागद आला: परवापासूनचे पैसे कंपनी देणार नाही. तिथले डॉक्टर म्हणत होते, अजून दोन आठवडे हवेत. कंपनीतल्या कुणीतरी, ज्याने मेहुण्यांना कधी पाहिलं नव्हतं, ठरवलं की नकोत. भाच्याने रात्री जागून अपील केलं. असं अपील आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत तटस्थ परीक्षकांकडे पोचवावं लागतं. ते मान्य झालं आणि नऊ दिवस वाढवून मिळाले. मग दुसरा कागद. तेव्हा मात्र घरात कुणाला लढायचं त्राण नव्हतं. मेहुणे घरी आले, दिवाणखान्यात पलंग टाकला आणि बेबीने नोकरीतून दोन महिने रजा काढली.

एवढ्यावर संपतं तर वेगळं. त्या हिवाळ्यात त्यांनी मूळ मेडिकेअरकडे परत जायचं ठरवलं. सरकार म्हणालं, या. पण मूळ मेडिकेअर डॉक्टरांच्या बिलातला साधारण ८० टक्के भाग देते. उरलेल्या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. ते भोक बुजवायला लोक मेडिगॅप नावाचा पूरक विमा घेतात. पासष्टीला मेडिकेअरचा पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅप कंपनीला कुणालाही नाही म्हणता येत नाही. अॅडव्हांटेज घेऊन पहिल्या वर्षात मन बदललं तरीही परतीची सोय आहे. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी तब्येतीचे प्रश्न विचारू शकते. मेहुण्यांना विचारले. मधुमेह, नुकतंच मोडलेलं हाड, वय. उत्तर अर्थातच नकार.

आणि गंमत पहा (गंमत कसली म्हणा), न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन या चार राज्यांत, थोड्याफार फरकाने, असा नकार देता येत नाही. न्यू जर्सी त्यांत नाही. हडसन नदीच्या पलीकडच्या तीरावर घर असतं तर मेहुण्यांची वाट मोकळी होती.

तर बेबीचा प्रश्न या सगळ्यातून आलेला. मी भाच्याला म्हटलं, वाचायला काय काय मिळेल ते पाठव. त्याने इतकं पाठवलं की माझा पावसाळा त्यातच गेला.

आणि वाचता वाचता पहिल्याच टप्प्यावर मला कोण भेटावं? शाळामास्तर!

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डॅलस शहर आहे. तिथल्या शाळांचे एके काळचे अधीक्षक जस्टिन फोर्ड किंबॉल १९२९ साली बेलर विद्यापीठाच्या डॅलसमधल्या विभागाचा कारभार पाहू लागले. विद्यापीठाच्या इस्पितळाची थकलेली बिलं चाळताना त्यांना ओळखीची नावं दिसायला लागली. त्यांच्याच शाळांतले शिक्षक. फसवणारी माणसं नव्हेत, पगारात भागत नव्हतं इतकंच. किंबॉल यांनी अधीक्षक असताना शिक्षकांसाठी एक आजारपणाचा निधी चालवला होता, त्यामुळे किती शिक्षक किती दिवस आजारी पडतात याचा हिशेब त्यांच्याकडे तयार होता. त्यावरून त्यांनी योजना काढली. प्रत्येक शिक्षकाने महिन्याला ५० सेंट, म्हणजे वर्षाला ६ डॉलर द्यायचे. आजारी पडल्यास वर्षात २१ दिवस इस्पितळात राहण्याची सोय. हजाराहून अधिक शिक्षक सामील झाले. पुढे ब्लू क्रॉस नावाने जे विम्याचं प्रचंड झाड वाढलं, त्याचं बी हे.

मी वाचून जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या नोकरीच्या काळात औषधोपचाराचे पैसे आधी खिशातून घालायचे, मग बिलं जोडून प्रस्ताव पाठवायचा. तो कुठल्या टेबलावर किती महिने पडेल याचा नेम नसे. आमच्या एका सहशिक्षिकेच्या बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेची रक्कम मूल बालवाडीत गेल्यावर मंजूर झाली. पन्नास सेंटवाले मास्तर आमच्यापेक्षा नशीबवान!

असो. दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातली. १९३३ साली कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजलिसकडे नेण्यासाठी कालवा खणला जात होता. हजारो मजूर रणरणत्या उन्हात राबत होते. सिडनी गारफिल्ड नावाच्या तरुण सर्जनने तिथे डेझर्ट सेंटर नावाच्या वस्तीजवळ बारा खाटांचं इस्पितळ उभारलं. मजूर येत, उपचार होत, पण विमा कंपन्या बिलं देताना टाळाटाळ करीत. इस्पितळ बुडायच्या बेताला आलं. तेव्हा तोडगा निघाला की विमा कंपनीने दर मजुरामागे रोज ५ सेंट आगाऊ द्यायचे, मजूर जखमी होवो न होवो. कामाबाहेरच्या दुखण्यासाठी मजुराने आणखी ५ सेंट द्यायचे.

आणि मग गारफिल्डच्या वागण्यात फरक पडला. आधी जखमी येईल तेव्हा पैसे मिळत. आता जखमी न आला तर पैसे उरत. हा सर्जन कामाच्या जागी जाऊन फिरू लागला. फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घे, धोकादायक जागा दाखवून दे, असं त्याने सुरू केलं. खिळा पायात घुसल्यावर काढण्यापेक्षा आधी ठोकलेला स्वस्त. हेन्री कैसर या बांधकामसम्राटाची कंपनी या कालव्याच्या कामात भागीदार होती. तिने गारफिल्डला १९३८ साली ग्रँड कुली धरणावर नेलं, १९४२ साली रिचमंडच्या जहाजगोदीत नेलं, आणि १९४५ साली हीच योजना सर्वसामान्यांना खुली झाली. डॉक्टरांच्या संघटनांना असलं काही खपत नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये १९३७ साली निघालेल्या अशाच एका संस्थेच्या डॉक्टरांची इतकी कोंडी केली गेली की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९४३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशन ते हरली.

हे मी बेबीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे तर चांगलंच आहे की! मग बिघडलं कुठे?"

मी तिला आमच्या आजोळच्या सुताराची आठवण दिली. तिने त्याला पाहिलेलं नाही, मी पाहिलंय. सुताराला बलुतं असे. सुगीला खळ्यावरून ठरलेलं धान्य न्यायचं आणि वर्षभर औतं नीट ठेवायची. नांगर एकदा मोडो की दहादा, धान्य तेवढंच. म्हणून शहाणा सुतार नांगर पहिल्यांदाच असा भक्कम करी की वर्षभर त्याच्याकडे बघायला नको. आणि दुसरा एखादा मोडका नांगर घेऊन आलेल्या कुणब्याला "उद्या ये" म्हणे. उद्या गेलं की परवा. धान्य दोघांनाही सारखंच मिळे. (बलुत्यामागे जातीची बेडी होती हे मी विसरलेले नाही, पण इथे धान्याच्या हिशेबापुरतं बोलतेय.)

आगाऊ पैसे घेतलेला माणूस खिळेही ठोकू शकतो आणि "उद्या ये" असंही म्हणू शकतो. दोन्हीत त्याचे पैसे उरतात. गारफिल्ड मजुरांच्या शेजारी राहत होता, लंगडणारा माणूस त्याला रोज दिसत होता. मला वाटतं फरक तिथे आहे.

आता म्हाताऱ्यांकडे येऊ. ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी जाऊन मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. तिथे का, तर हॅरी ट्रुमन यांचं ते गाव. ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्यासाठी धडपड केली होती आणि ती फसली होती. पहिलं कार्ड त्यांनाच दिलं. १ जुलै १९६६ पासून सुमारे १ कोटी ९० लाख वृद्धांना विमा मिळाला. डॉक्टरांचा विरोध शमवण्यासाठी कायद्यात सुरुवातीलाच लिहिलं की वैद्यकीय व्यवसायात सरकार ढवळाढवळ करणार नाही. म्हणजे डॉक्टर बिल पाठवणार, सरकार भरणार. जितकी बिलं तितके पैसे. खर्च असा काही वाढला की पाच वर्षांत सगळे हवालदिल.

तेव्हा मिनेसोटातले पॉल एलवूड नावाचे डॉक्टर पुढे आले. १९७० साली त्यांनी कैसरसारख्या आगाऊ पैशांच्या योजनांना नवं नाव दिलं, हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन, म्हणजेच एचएमओ. आरोग्य राखणारी संस्था! नाव ऐकूनच बरं वाटावं. निक्सन यांना कल्पना आवडली. पण ती का आवडली याचा एक पुरावा त्यांच्याच ध्वनिफितींत सापडतो. १७ फेब्रुवारी १९७१ च्या संभाषणात त्यांचे सल्लागार अर्लिकमन त्यांना समजावतात की कैसरच्या योजनेत सेवा जितकी कमी द्यावी तितका पैसा जास्त उरतो, आणि निक्सन यांना ते पसंत पडतं. त्यांना खिळे ठोकणारा सर्जन दिसलाच नाही, "उद्या ये" म्हणणारा सुतार मात्र दिसला. २९ डिसेंबर १९७३ ला एचएमओचा कायदा झाला.

मेडिकेअरमध्ये या कंपन्या खऱ्या अर्थाने आल्या त्या १९८२ च्या कायद्याने. एखाद्या भागातल्या वृद्धामागे सरकारला सरासरी जो खर्च येतो त्याच्या ९५ टक्के रक्कम कंपनीला द्यायची. ५ टक्के सरकारची बचत. कागदावर झकास. प्रत्यक्षात अशा योजनांकडे गेले ते मुख्यतः धडधाकट म्हातारे, ज्यांचा खर्च सरासरीपेक्षा पुष्कळच कमी होता. त्यामुळे सरकारचं वाचण्याऐवजी जादाच गेलं. १९९७ साली दर आवळले, तर पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी एकेका जिल्ह्यातून गाशा गुंडाळला आणि वीस लाखांहून अधिक वृद्धांना दुसरी सोय शोधावी लागली. मग २००३ च्या कायद्याने दर पुन्हा वाढवले आणि मेडिकेअर अॅडव्हांटेज हे आजचं नाव दिलं. औषधांचा विमा, पार्ट डी, त्याच कायद्याने आला आणि २००६ पासून सुरू झाला. आता आजारी माणसामागे कंपनीला जास्त पैसे मिळतात, त्यामुळे रुग्णाच्या कागदावर जास्तीत जास्त आजार नोंदवायची चढाओढ लागली. मास्तरीण म्हणून मला हे लगेच कळलं. पटावरच्या संख्येवर अनुदान दिलं की पट फुगतो!

२०२३ पासून पात्र वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक या वाटेवर आहेत. सगळे फसलेत असं मी मुळीच म्हणणार नाही. बेबीची एक मैत्रीण तिच्या एचएमओवर खूश आहे. एका फॅमिली डॉक्टरकडे सगळे कागद, त्याच्या चिठ्ठीवरून पुढचे तज्ज्ञ, तिची इस्पितळं घराजवळ आणि यादीतलीच. पीपीओ नावाच्या प्रकारात यादीबाहेरही जाता येतं, फक्त खिशातून जास्त जातात. शिवाय अॅडव्हांटेजमध्ये वर्षाच्या खर्चाला वरची मर्यादा घालावीच लागते. २०२५ साठी यादीतल्या डॉक्टरांपुरती ती ९,३५० डॉलरपेक्षा जास्त ठेवता येत नव्हती. मूळ मेडिकेअरला ती मर्यादा नाहीच. ज्याला मेडिगॅपचा हप्ता झेपत नाही त्याला हा आधार मोठा आहे, आणि हे न सांगता अॅडव्हांटेजला नावं ठेवणं खोटेपणाचं होईल.

पण नकाराचं काय? २०२२ साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी मोठ्या कंपन्यांनी जून २०१९ च्या एका आठवड्यात दिलेले नकार तपासले. पूर्वपरवानगी नाकारलेल्या प्रकरणांपैकी १३ टक्के प्रकरणं मेडिकेअरच्या नियमांत बसणारी होती. म्हणजे मूळ मेडिकेअर असती तर पैसे मिळाले असते. २०२४ पासून नियम आला की कंपन्यांनी मूळ मेडिकेअरचेच निकष लावायचे. मेहुण्यांचा तेराव्या दिवशीचा कागद त्या नियमानंतरचाच.

(मुलांच्या मागे उतारवयात ग्रीन कार्डवर गेलेल्या मंडळींसाठी, कारण आपल्या नात्यात अशी तीन घरं आहेत: पासष्टी झाली आणि तिथे सलग पाच वर्षं राहून झाली की मेडिकेअर विकत घेता येते. स्वतःची किंवा जोडीदाराची साधारण दहा वर्षांची नोकरी तिथे झालेली नसेल तर इस्पितळाचा पार्ट ए सुद्धा फुकट नाही. २०२५ साली त्याचा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर होता, पार्ट बी चे १८५ वेगळे. जाण्याआधी मुलांना हे जरूर विचारा. आणि भारतात सुटीला आल्यावर आजारी पडलात तर मूळ मेडिकेअर सहसा एक डॉलरही देत नाही.)

ऑगस्टच्या शेवटी बेबीशी दोन तास बोलणं झालं. ती म्हणाली, "म्हणजे ताई, आत जायला दार उघडं आणि बाहेर यायला तब्येतीचा दाखला."

"हो," म्हटलं, "आणि आज तुझी तब्येत चांगली आहे."

तिला हप्त्याचं वाईट वाटत होतं. पार्ट बी, त्यावर मेडिगॅपचे दीडशेच्या वर, त्यावर औषधांचा विमा, दातांचं सगळं पदरचं. भाचा म्हणत होता, एवढे पैसे साठवले तर दहा वर्षांत केवढी रक्कम होईल! त्याचं गणित बरोबर होतं. मी फक्त इतकंच विचारलं की त्या रात्री अपील लिहायला तू होतास, उद्या तुझी बदली टेक्सासला झाली तर कोण लिहील? तो काही बोलला नाही. बेबीने मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप घेतलं. माझं ऐकून घेतलं असं ती म्हणते, पण मला वाटतं फोन करायच्या आधीच तिचं ठरलेलं होतं.

मेहुण्यांना तो रस्ता बंदच. अॅडव्हांटेजवाल्यांना योजना बदलायची खिडकी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर अशी असते. त्या वर्षी ती उघडल्यावर तिघांनी बसून याद्या पडताळल्या. कुठल्या योजनेत ते चालायला शिकवणारं केंद्र आहे, कुठलीत त्यांचा हाडांचा डॉक्टर आहे, एवढंच पाहिलं. व्यायामशाळेकडे कुणी बघितलं नाही. एक पीपीओ मिळाली, हप्ता थोडा आहे.

आता ते काठी टेकत जिना चढतात. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतलाय. तो पूर्वी एकाच बाजूला होता. बेबी म्हणाली, सुतार तासाभरात बसवून गेला. पैसे मात्र पदरचेच, विम्यात कठडा बसत नाही.